वाइनचा ग्लास: किती प्रकार खरे, किती कामाचे

राज्य मंत्रिमंडळानं जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि राज्यभर वाद पेटला. शेतकऱ्याला चार पैसे मिळतील असं एका बाजूनं सांगितलं गेलं, घरोघरी दारू पोचेल असं दुसऱ्या बाजूनं. त्या वादाच्या निमित्तानं वाइन हा विषय आमच्या तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यातही बोलला जाऊ लागला, आणि तेव्हापासून एक प्रश्न मला बागायतदारांकडून वरचेवर ऐकू येतो. "वाइन प्यायला म्हणे दहा तऱ्हेचे ग्लास लागतात. लाल वाइनला वेगळा, पांढरीला वेगळा, फेसाळ वाइनला वेगळाच. यात तथ्य आहे का नुसताच थाट?"

प्रश्न रास्त आहे. ऑनलाइन ग्लास घ्यायला गेलं की बोर्दो, बरगंडी, फ्लूट, कूप, ट्युलिप अशी नावं आणि सहा-सहाचे संच समोर येतात. कुणाचंही डोकं भणभणेल.

मला या विषयात रस आहे तो आपल्या मातीमुळे. २००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं. वाइन पार्क म्हणून नाशिककडे विंचूर आणि आपल्याकडे पलूस अशी नावं पुढे आली. नाशिकचा जम बसला, पलूस मागे राहिलं. पण द्राक्षाची जाण आपल्याकडे तसूभरही कमी नाही. तास-ए-गणेश ही जात तासगाव तालुक्यातल्या बोरगावात निवडली गेली. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. मणी दोन बोटांत धरून साखर किती उतरली असेल ते सांगणारी माणसं इथं गावोगाव भेटतात. आणि हीच माणसं कुठल्या तरी कार्यक्रमात द्राक्षाची वाइन चाखतात ती कागदी कपात. त्या कपात वाइनबद्दल काहीच कळत नाही, मग "आंबट आहे, तुरट आहे" एवढंच म्हणून विषय मिटतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून आधी ग्लास नेमकं काय काम करतो ते बघू, मग किती घ्यायचे ते ठरवता येईल.

चव म्हणतो तो बराचसा वासच

जिभेला मोजक्याच गोष्टी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्शात किंवा पिकलेल्या टोमॅटोत लागतो तसा एक भरीव रुचकरपणा. बाकी सगळं नाक ओळखतं. सर्दीनं नाक चोंदलं की जेवण मातकट लागतं ते याचमुळे. घास किंवा घोट तोंडात असताना त्याचा वास घशाच्या मागच्या बाजूनं नाकात चढतो आणि आपण त्याला चव म्हणतो.

वाइनमध्ये वास देणारी द्रव्यं शेकड्यांनी असतात, पण प्रत्येकाचं प्रमाण अगदी सूक्ष्म. ती द्रवातून सुटून हवेत यायला हवीत, आणि हवेत आली की नाकापर्यंत पोचायच्या आत पांगायला नकोत. ग्लासाच्या आकाराला काम आहे ते एवढंच, आणि ते जिभेचं नाही, नाकाचं आहे.

पोट मोठं, तोंड लहान

आंबेमोहोर भात पातेल्यात शिजला आणि झाकण काढून वाकून वास घेतला की घमघमाट थेट नाकात शिरतो. तोच भात परातीत पसरला की वास घरभर जातो, पण परातीवर वाकलेल्या माणसाला तितकासा येत नाही. वाइनच्या ग्लासाचं गणित हेच आहे. पोट रुंद असलं की द्रवाचा पृष्ठभाग वाढतो आणि वास जास्त सुटतो. तोंड आत वळलेलं असलं की सुटलेला वास आतच साठून राहतो.

म्हणूनच ग्लास काठोकाठ भरत नाहीत. एक तृतीयांश भरून वरची जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. वासाला राहायला ती जागा लागते. ग्लास टेबलावर ठेवून हलकेच गोल फिरवला की वाइनचा पातळ थर आतल्या काचेवर पसरतो, पृष्ठभाग आणखी वाढतो आणि एरवी दबून राहिलेला वासही वर येतो. काठोकाठ भरलेला ग्लास असा फिरवताच येणार नाही.

ग्लासाला खाली दांडी असते तिचं कारणही साधं आहे. पोटाला हात लावून धरलं तर तळहाताची ऊब वाइनला लागते, आणि बोटांचे ठसे उमटून रंग धड दिसत नाही.

आकाराचा परिणाम डोळ्यांनी दाखवणारा एक सुंदर प्रयोग आहे. टोकियोतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये अल्कोहोलच्या वाफेचं चित्र टिपणारा कॅमेरा वापरला. १३ अंश तापमानाची वाइन नेहमीच्या वाइन ग्लासात ओतल्यावर वाफ काठालगत कड्यासारखी जमलेली दिसली आणि मधोमध अल्कोहोल कमी होतं. म्हणजे नाक ग्लासाच्या मध्यावर धरलं तर अल्कोहोलचा झणका कमी लागतो आणि फळाचा वास वेगळा ओळखता येतो. सरळ ग्लासात आणि पसरट मार्टिनी ग्लासात असं कडं दिसलं नाही. वाइन गरम झाल्यावर वाइन ग्लासातलं कडंही नाहीसं झालं. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, सांगलीच्या उन्हाळ्यात तिला फार महत्त्व आहे.

मग जिभेचा नकाशा म्हणतात ते काय?

ग्लास विकताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते: जिभेच्या टोकाला गोड कळतं, कडेला आंबट, मागे कडू; आणि अमुक ग्लास वाइन जिभेच्या अमुक भागावर नेऊन टाकतो. हा नकाशा अनेकांनी शाळेच्या पुस्तकातही पाहिला असेल. त्याचं मूळ १९०१ मधल्या डेव्हिड हेनिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या निबंधात आहे. जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनेत त्याला थोडासा फरक आढळला होता. पुढे इतरांनी तो फुगवून मांडला आणि जिभेची जणू तालुकावार वाटणी झाली. आज हे पक्कं ठाऊक आहे की सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. शिवाय घोट तोंडात गेला की क्षणात सगळीकडे पसरतो. तेव्हा या मुद्द्यावर कुणी महागडा ग्लास गळ्यात मारत असेल तर घेऊ नये.

कुठल्या वाइनला कुठला

लाल वाइन सालीसकट आंबवतात. वाइनच्या द्राक्षाचा मणी आपल्या खायच्या द्राक्षापेक्षा बारीक असतो, साल जाड असते, आत बी असतं. त्या साली-बियांतून रंग उतरतो आणि टॅनिनही उतरतं. टॅनिन म्हणजे कच्चं केळं खाल्ल्यावर तोंड आकसतं तो तुरटपणा आणणारं द्रव्य. शिराझ आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉं या आपल्याकडे भरपूर लावल्या जाणाऱ्या लाल जाती अशाच दमदार आहेत. त्यांना उंच, रुंद पोटाचा, ४५० ते ६०० मिलिलिटरचा ग्लास शोभतो. याच घडणीला बाजारात बोर्दो म्हणतात. मोठ्या पोटात वास मोकळा होतो आणि अल्कोहोलचा झणका नाकापासून जरा लांब राहतो. ग्लासात हवा लागून टॅनिन मऊ होतं असंही ऐकू येतं, पण दहा-पंधरा मिनिटांत टॅनिनमध्ये फारसा बदल होत नाही. फरक वाटतो तो मुख्यतः वास खुलल्यामुळे.

बरगंडी ग्लास याहून गोल, जवळजवळ चेंडूसारखा. तो पिनो न्वार या नाजूक वासाच्या जातीसाठी घडवला. ऑस्ट्रियाच्या क्लाउस रीडेल यांनी १९५८ मध्ये असा भला मोठा ग्लास केला आणि १९७३ मध्ये वाइनच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या आकारांची मालिकाच बाजारात आणली. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक संचांची परंपरा तिथून सुरू होते. पिनो न्वार आपल्या उष्ण हवेत फार कमी लावतात, त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या घरात हा ग्लास घ्यायचं कारण मला दिसत नाही.

पांढऱ्या वाइनमध्ये रस सालीपासून वेगळा करून आंबवतात, म्हणून तुरटपणा जवळपास नसतो आणि आंबटपणा, ताजेपणा पुढे असतो. शेनिन ब्लां आणि सॉव्हिन्यॉं ब्लां या आपल्याकडच्या मुख्य पांढऱ्या जाती. त्यांना ३०० ते ४०० मिलिलिटरचा, लहान पोटाचा ग्लास पुरतो. इथं खरं कारण थंडावा आहे: लहान ग्लासात थोडी थोडी ओतली की गरम व्हायच्या आत संपते. गुलाबी वाइनलाही हाच चालतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे जाणाऱ्यांना स्ट्रॉबेरीच्या वाइनचंही कुतूहल असतं. तीही थंडच आणि याच ग्लासात घ्यावी, कारण स्ट्रॉबेरीचा वास हलका आणि पटकन उडणारा.

फेसाळ वाइनला उंच, नळीसारखा फ्लूट देतात. त्यात पृष्ठभाग कमी, म्हणून वायू लवकर उडून जात नाही आणि बुडबुड्यांची माळ लांबवर दिसते. पण नळीत वास साठायला जागाच नसते, म्हणून हल्ली जाणकार मंडळी फ्लूट सोडून मध्ये थोडा फुगीर असा ट्युलिप ग्लास किंवा सरळ पांढऱ्या वाइनचाच ग्लास घेतात. मलाही तेच पटतं. जुन्या सिनेमात दिसतो तो बशीसारखा पसरट कूप मात्र वायूही घालवतो आणि वासही.

पोर्टसारख्या गोड, जास्त अल्कोहोलच्या वाइनला लहान ग्लास देतात, कारण ती घेतातच थोडी.

"हे कंपन्यांनी रचलेलं नाही का?"

काही अंशी आहे, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. आकाराचा परिणाम खरा आहे, पण तो तोंड आत वळलेला ग्लास आणि सरळ किंवा पसरट ग्लास यांच्यात. बोर्दो आणि बरगंडी यांच्यातला फरक त्याहून कितीतरी सूक्ष्म. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना ग्लास दिसू दिला नाही, हातातही दिला नाही, फक्त वास घ्यायला लावला. वेगवेगळ्या आकारांत फरक सापडले, पण अगदी थोडे. ग्लास हातात असतो तेव्हा त्याचं वजन, चकाकी, किंमत हे सगळं मन हिशेबात धरतं आणि वाइन जास्त चांगली वाटायला लागते.

म्हणून माझं मत ठाम आहे. घरी एकाच प्रकारचे ग्लास घ्या: दांडीचे, ३५० ते ४५० मिलिलिटरचे, पोट मध्ये फुगीर, तोंड आत वळलेलं, काठ पातळ. लाल, पांढरी, गुलाबी, फेसाळ, सगळ्यांना हे चालतात. पैसे उरले तर ते वाइन थंड ठेवण्यावर खर्च करा.

ग्लासाआधी तापमान

लाल वाइन "खोलीच्या तापमानाला" घ्यावी असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ती खोली युरोपातली, थंड भिंतींची. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कपाटातली बाटली ३० अंशांच्या वर असते. अशी वाइन उत्तमातल्या उत्तम ग्लासात ओतली तरी आधी अल्कोहोलच नाकात जातं. टोकियोच्या प्रयोगात कडं नाहीसं झालं तेच इथं घडतं. लाल वाइन १५ ते १८ अंशांना, पांढरी ८ ते १२ अंशांना, फेसाळ ६ ते ८ अंशांना घ्यावी. लाल बाटलीही आधी फ्रिजमध्ये ठेवायला संकोच करू नका. पांढरी त्याहून जास्त वेळ ठेवा. महाबळेश्वरात डिसेंबरात हा त्रास नाही, पण आपण बाराही महिने तिथं राहत नाही.

काच, क्रिस्टल आणि स्टीलचा पेला

साध्या काचेच्या ग्लासाचा काठ बहुधा जाड, गोल केलेला असतो. क्रिस्टल या चकाकत्या, उंची काचेचा काठ पातळ कापता येतो आणि घोट ओठांवरून अलगद आत येतो. हा फरक वासाचा नाही, स्पर्शाचा आहे. तरी तो जाणवतो, हे मी मान्य करतो. जुन्या शिसेयुक्त क्रिस्टलमध्ये २४ टक्के किंवा त्याहून जास्त शिशाचं ऑक्साइड असतं. घोटभर पिण्यापुरता संपर्क असेल तर शिसं फार उतरत नाही, पण अशा सुरईत वाइन दिवसचे दिवस भरून ठेवणं घातक आहे. नवं घेताना वेष्टनावर शिसेविरहित असल्याचं लिहिलंय का ते बघा.

स्टीलचा पेला वाइन बिघडवत नाही. मात्र त्यात रंग दिसत नाही, भिंती सरळ म्हणून वास टिकत नाही आणि हाताची ऊब लगेच आत जाते. तांब्या-पितळेची गोष्ट वेगळी. वाइनचा पीएच साधारण ३ ते ४, म्हणजे चांगलीच आंबट. बिनकल्हईच्या भांड्यात आपण आंबट काही ठेवत नाही, वाइनही ठेवू नये.

"दारूला एवढं कौतुक कशाला?"

हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपल्याकडे असंख्य घरांत माळकरी माणसं आहेत, दारूनं मोडलेले संसारही आपण पाहिले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. जो पीत नाही त्यानं ग्लासांबद्दल वाचून सुरुवात करावी, असं मी कधीही म्हणणार नाही.

पीत असेल त्यानं मात्र ग्लासाचा धोकाही जाणून घ्यावा. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये जुन्या-नव्या ग्लासांची मापं मांडली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वाइनचा ग्लास सरासरी ६६ मिलिलिटरचा होता, २०१६-१७ पर्यंत तो ४४९ मिलिलिटरचा झाला. मोठ्या पोटाच्या ग्लासात १५० मिलिलिटर ओतले की ग्लास रिकामाच वाटतो आणि हात आपोआप आणखी ओततो. १३ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटरमध्ये सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असतं, हे विसरायचं नाही. नवा ग्लास आणला की मोजपात्रानं १५० मिलिलिटर पाणी ओतून रेषा कुठवर येते ते बघून ठेवा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे पाचच ग्लास निघतात.

धुणं आणि ठेवणं

निम्मी वाइन इथं बिघडते. साबणाचा वास किंवा थर राहिला तर वासही जातो आणि फेसाळ वाइनचे बुडबुडेही मरतात. थोड्या साबणानं धुवून भरपूर पाण्यानं खळबळा, निथळू द्या, धुतलेल्या सुती कापडानं पुसा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले तर व्हिनेगरच्या पाण्यानं जातात. मसाल्याच्या किंवा डांबरगोळ्या ठेवलेल्या कपाटात ग्लास उपडे ठेवले की तिथली हवा आत कोंडते आणि ग्लासाला वास धरतो. सुलटेच ठेवा आणि ओतण्याआधी रिकामा ग्लास एकदा हुंगून बघा.

बागायतदारानं पारख कशी करावी

आता मला सर्वात जवळचा भाग. वाइनच्या वासात बाग वाचता येते. भुरी या रोगासाठी उशिरापर्यंत गंधक फवारलं आणि ते मण्यांवर राहिलं, तर आंबवताना त्यापासून सडक्या अंड्याचा वास तयार होऊ शकतो. कॅबर्ने किंवा सॉव्हिन्यॉं ब्लांमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास जोरात आला, तर घड वेलीच्या दाट पानोळ्याच्या, म्हणजे पानांच्या, सावलीत राहिले असतील किंवा तोडणी लवकर झाली असेल. व्हिनेगरचा वास म्हणजे जिवाणूंनी शिरकाव केला. फुटलेले मणी, ढिसाळ स्वच्छता ही त्याची नेहमीची कारणं. कागदी कपात यातलं बरंचसं निसटतं.

परीक्षणासाठी जगभर वापरला जाणारा एक ठरलेला ग्लास आहे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १९७७ मध्ये त्याची मापं पक्की केली: उंची १५५ मिलिमीटर, मावतं साधारण २१५ मिलिलिटर, पोट ६५ मिलिमीटर रुंद, तोंड ४६ मिलिमीटर, आणि ओतायचे फक्त ५० मिलिलिटर. कुठल्याच वाइनसाठी तो सर्वोत्तम नाही, तरी सर्वांसाठी सारखा आहे, आणि तुलना करायची तर सारखेपणाच हवा. एक वाइन मोठ्या ग्लासात आणि दुसरी लहानात चाखली, तर फरक द्राक्षाचा का ग्लासाचा हे सांगता येत नाही.

पाच-सहा बागायतदारांनी मिळून असे डझनभर ग्लास आणले तरी काम भागतं. दोन बागांची वाइन घ्या. तीन ग्लासांपैकी दोघांत एक आणि तिसऱ्यात दुसरी ओता, प्रत्येकी ५० मिलिलिटर, एकाच तापमानाला. ग्लासाखाली आकडे लिहा आणि ओतणाऱ्यानं चाखायला बसू नये. तिन्हींतला वेगळा ग्लास कोणता ते प्रत्येकानं न बोलता कागदावर लिहावं. आधी नुसत्या वासावरून, मग घोट घेऊन आणि थुंकून. अंदाजानं तिघांत एकाचं उत्तर बरोबर येतंच, त्यामुळे बहुतेकांना वेगळा ग्लास सापडला तरच दोन्ही बागांत फरक आहे असं धरा आणि मग छाटणी, विरळणी, फवारणीच्या वह्या उघडा.